विद्यापीठ बदलून पर्यावरणशास्त्राची पदवी : मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी हिशोब कसा मांडावा

जून उजाडला की फोन सुरू होतात. कुणी वसमतहून, कुणी अहमदपूरहून, कुणी गेवराईहून. प्रश्न जवळपास एकच असतो. "सर, बीएस्सीचं पहिलं वर्ष झालंय. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी आहे. आता पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. कुठं ॲडमिशन भेटंल?" मी उलट विचारतो, "क्रेडिट किती जमा झालेत? कोणत्या विषयाचे किती?" की पलीकडे सगळं शांत. मग म्हणतो, कॉलेज नंतर शोधू, आधी तुझं क्रेडिटचं, म्हणजे शिकून मिळवलेल्या श्रेयांकांचं, खातं उघडून बघ.

मी स्वतः पदवीच्या मध्येच विद्यापीठ बदललं. तेही उलट्या क्रमानं, आणि त्यापायी एक अख्खं वर्ष घरी काढलं. आज पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणजे शेवटी गाडी रुळावर आली. पण ते वर्ष वाचवता आलं असतं. कसं, ते पुढे येईलच.

विषय नेमका कोणता, ते आधी तपासा

पर्यावरणाचा एक पेपर सगळ्यांनीच दिलेला असतो. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली निर्देश दिले, आणि पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कला शाखेचा असो की वाणिज्यचा, हा पेपर सक्तीचा झाला. त्याला सहसा 'पर्यावरण अभ्यास' म्हणतात. तो आवडला म्हणून पदवीही आवडेल, असं धरून चालू नका.

पर्यावरणशास्त्राच्या पदवीत रसायनशास्त्र भरपूर असतं. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिजनच्या मागणीवरून मोजायची मापं), क्षारता, कठीणपणा हे सगळं ब्युरेट हातात धरून काढावं लागतं. संख्याशास्त्र असतं. नकाशे आणि उपग्रहचित्रं असतात. परिसंस्था, माती, भूशास्त्र असतं, आणि १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांची कलमंही असतात. झाडांची आवड हे निमित्त चांगलं आहे, पण अशा थेंबाथेंबाच्या मोजणीचा, म्हणजे टायट्रेशनचा, कंटाळा येत असेल तर आत्ताच थांबून विचार करा. भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र कदाचित तुमच्या मनाला जास्त मानवेल.

बारावीला विज्ञान नव्हतं आणि आता बीए करताय, अशांना बीएस्सीत मध्येच शिरणं जमत नाही. त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. पाणी, जमीन, उपजीविका या अंगानं पर्यावरणाकडे बघायचं असेल तर पदवीनंतर तिकडचा रस्ता धरता येतो.

बदल कॉलेजचा आहे की विद्यापीठाचा?

हे वाटतं तितकं सोपं नाही. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि दोन मोठी विद्यापीठं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. पहिलं १९५८ चं. दुसरं १९९४ साली त्यातूनच वेगळं झालं.

आता गंमत बघा. अंबाजोगाईच्या मुलाला लातूर म्हणजे उठला की एसटीत बसला इतकं जवळ. पण अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, म्हणून लातूरला जाणं हा विद्यापीठाचाच बदल झाला. तोच मुलगा दोनशेहून जास्त किलोमीटरवर संभाजीनगरला गेला तर विद्यापीठ तेच राहतं, बदलतं फक्त कॉलेज. अंतर आणि कागद यांचा संबंध नाही, हे मनात ठेवा.

विद्यापीठ तेच असेल तर जुन्या कॉलेजचं ना हरकत पत्र, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि नव्या कॉलेजात जागा, एवढ्यावर सहसा भागतं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची समकक्षता (दोन्हीकडचे पेपर जुळतात का ते) ही तीन प्रकरणं मागे लागतात. यात एक तिढा स्वायत्त महाविद्यालयांचा. लातूर, संभाजीनगरकडे अशी कॉलेजं आहेत. त्यांचा अभ्यासक्रम ती स्वतः ठरवतात. त्यामुळे विद्यापीठ एक असलं तरी पेपर जुळतीलच असं नाही. तिथं जाताना विद्यापीठ बदलतोय असं समजूनच तयारी करा.

१३२ चा हिशोब

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीचं चुकलं तर निस्तरता येतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची झाली आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सत्राला २२ धरतात, म्हणजे वर्षाला ४४. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रयोगशाळेतले ३० तास. स्वायत्त कॉलेजांत ही पद्धत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली.

तुमचे क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. डिजिलॉकरमध्ये बारा अंकी 'अपार' आयडी काढून ते खातं आजच उघडा. किती मुलांच्या खात्यात शून्य दिसतं म्हणून सांगू! कारणं साधी असतात. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि गुणपत्रकावर 'दन्यानेश्वर', वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे तर दुसऱ्या ठिकाणी नाही, किंवा विद्यापीठानं गुण अजून चढवलेलेच नाहीत. नावातला फरक आधी दुरुस्त करा, गुण चढले नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात, त्यामुळे शिक्षणात खंड पडलेल्यांनी तारखा बघून घ्याव्या.

आता खरी मेख. या बँकेच्या २०२१ च्या नियमावलीनुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांच्या १३२ चे निम्मे ६६.

पहिलं वर्ष संपवून गेलात तर ४४ घेऊन जाता आणि ८८ तिकडे मिळवता. निम्म्याची अट आरामात पार पडते.

दुसरं वर्ष संपवून गेलात तर ८८ घेऊन जाता आणि तिकडे उरतात फक्त ४४. म्हणजे एक तृतीयांश. तीन वर्षांच्या पदवीसाठी अट मोडली. चार वर्षांची ऑनर्स करणार असाल तर ८८ आणि ८८, बरोबर निम्मं, म्हणजे काठावर. त्यात बाहेरचा एखादा ऑनलाइन कोर्स घेतला की काठही सुटला. शिवाय चौथं वर्ष सगळ्याच कॉलेजांत नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मध्येच बदलायचं असेल तर पहिलं वर्ष पूर्ण करून, तिसऱ्या सत्राच्या तोंडावर बदला. दुसरं वर्ष ओलांडलं असेल तर आहे तिथं रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी नीट पूर्ण करा आणि एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घ्या. शिवारातून जाताना आपण उभ्या पिकातून वाट काढत नाही, बांधावरून जातो. शिक्षणालाही असे बांध आहेत. पहिल्या वर्षाचा शेवट हा एक आणि पदवीचा शेवट हा दुसरा. एमएस्सी पर्यावरणशास्त्राला विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांतले पदवीधर घेतात, आणि संभाजीनगरच्या विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. जळगावचं विद्यापीठ, पुण्याचं विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथंही हा विषय आहे. फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हेच सांगतो आणि निम्मे नाराज होतात. घर सोडून लांब जायची घाई विषयापेक्षा मोठी असते, दुसरं काय.

घरच्या अडचणीमुळे वर्षभर थांबावंच लागणार असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षाचे ४०-४४ क्रेडिट आणि वर कौशल्याचे ४ पूर्ण केले तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. नुसतं जाणं बंद करण्यापेक्षा हा कागद हातात असलेला बरा.

पेपर जुळवण्याचा तक्ता

वहीचं एक आडवं पान घ्या. डावीकडे तुमच्या पहिल्या वर्षाचे सगळे पेपर, त्यांचा कोड, क्रेडिट, थिअरी की प्रॅक्टिकल. उजवीकडे जिथं जायचं तिथला पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम. मधल्या रकान्यात प्रत्येक घटकासमोर तीनच शेरे: जुळतो, अर्धा जुळतो, नाही.

नावावर जाऊ नका. 'परिसंस्थाशास्त्र' नावाचा पेपर एका ठिकाणी वनस्पतिशास्त्राखाली असतो, दुसऱ्या ठिकाणी पर्यावरणशास्त्राच्या मेजरखाली, म्हणजे मुख्य विषयाखाली. घटक तेच, फक्त दुकान वेगळं. उलट 'मूलभूत रसायनशास्त्र' हे नाव दोन्हीकडे सारखं असतं आणि आत एकीकडे सेंद्रिय, तर दुसरीकडे भौतिक रसायन भरलेलं असतं.

समजा पूर्ण्याची एक मुलगी आहे. नांदेड विद्यापीठाखाली पहिलं वर्ष झालं, ४४ क्रेडिट जमा. तिला संभाजीनगरला किंवा पुण्याकडे पर्यावरणशास्त्र मेजर घेऊन जायचंय. तिचे भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे, सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट बहुधा सहज बसतील, कारण ही चौकट राज्यभर सारखी आहे. रसायनशास्त्राचे मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषयात, बसवता येतील. अडेल ते मेजरचं. समजा तिकडच्या मेजरचे पहिल्या वर्षाचे ८ क्रेडिट तिच्याकडे नाहीत. मग तिसऱ्या सत्रात २२ ऐवजी २६ आणि चौथ्यात पुन्हा २६, असं करून ती तूट भरावी लागेल. चार क्रेडिट थिअरीचे असले तर ६० तास. त्यातले दोन प्रयोगशाळेचे असले तर ९०. दर आठवड्याला जवळपास एक दिवस जादा. हे झेपतं. पण तूट १६-२० वर गेली तर नाही झेपत. तेव्हा पहिल्या वर्षालाच नव्यानं बसणं किंवा बदल सोडून देणं, यांतलं एक निवडा.

काही तूट 'स्वयम' या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सनं भरता येते. एका सत्रातल्या अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग त्यातून घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मुभा आहे. मात्र कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरायचा, हे नवं कॉलेज ठरवतं. आधी विचारा, मग नाव नोंदवा.

पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि तो विषय काढा. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात बसणं, आपल्या विद्यापीठात चालते, दुसरं विद्यापीठ ती सहसा ओढून घेत नाही.

मायनर सोडताना हात आखडा

पर्यावरणशास्त्राच्या नादात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र सगळं सोडू नका. कारण नोकरीच्या जाहिरातीत असतं. भारतीय वन सेवेची परीक्षा घ्या. तिला पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचं नाव नाही! जंगलात काम करायचं स्वप्न बघून विषय बदलला आणि त्याच बदलानं दार बंद झालं, असं व्हायला नको. बीएड करून शाळेत शिकवायचा विचार असेल तरी रसायन किंवा जीवशास्त्र हाताशी असलेलं कामाला येतं.

उलट प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा द्यायची असेल तर पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तशाच राज्याच्या सेटलाही आहे. एमटेकच्या प्रवेशासाठी देतात त्या गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा पेपर आलाय. खासगीत संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतले सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहेत, साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. या सगळ्यांना पर्यावरणाचं भाषण करणारा नको असतो, सीओडी बिनचूक काढणारा हवा असतो. हे मी रोज बघतो.

कागद आणि त्यांचा क्रम

आता माझी गोष्ट. त्या वर्षी मी उत्साहाच्या भरात आधी टीसी काढली. नवीन ठिकाणी 'जागा आहे' असं कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. टीसी घेतली, मायग्रेशनचा अर्ज टाकला आणि मग तिकडे गेलो, तर म्हणाले, "अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत आणा." परत आलो. कॉलेजनं दिली ती प्रत त्या वर्षी लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमाची होती, मी शिकलो तो जुना. पुन्हा फेरी. दुसरी प्रत दिली ती त्या कार्यालयात कुठल्या फायलीत गेली ते कुणालाच सापडेना, आणि मी पोच घेतलेली नव्हती. पोळा झाला, प्रवेशाची तारीख गेली. इकडं नाव कमी झालेलं, तिकडं चढलेलं नाही. ते वर्ष मी सोयाबीन काढलं, हरभरा पेरला आणि वडिलांची नजर चुकवली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यानिशी, पान न पान, दोन प्रतींत घ्या. मग तो तक्त्यासह नव्या ठिकाणी देऊन समकक्षतेबद्दल लेखी उत्तर मागा. उत्तर आलं की तात्पुरता प्रवेश घ्या. टीसी त्यानंतर, मायग्रेशन त्याच्या पाठोपाठ, आणि पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज नव्या कॉलेजमार्फत. टीसी ही गावाची वेस आहे. एकदा ओलांडली की परतीची वाट लांब पडते. आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू कितीही ओळखीचा असू द्या.

समकक्षतेचा अर्ज कसा लिहावा, हा प्रश्न हमखास येतो. फुलोरा नको. असा चालतो:

"महोदय, मी अमुक विद्यापीठात बी.एस्सी. प्रथम वर्ष सर्व विषयांत उत्तीर्ण असून माझे ४४ क्रेडिट जमा आहेत. आपल्याकडे पर्यावरणशास्त्र मुख्य विषय घेऊन द्वितीय वर्षास प्रवेश घेऊ इच्छितो. सोबत गुणपत्रके, साक्षांकित अभ्यासक्रम व तुलनात्मक तक्ता जोडला आहे. कृपया कोणते क्रेडिट ग्राह्य धरले जातील, कोणते पेपर नव्याने द्यावे लागतील आणि ते कोणत्या सत्रात देता येतील, हे लेखी कळवावे."

शेवटच्या वाक्यात तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं आल्याशिवाय 'होऊन जाईल'वर विसंबू नका. 'होऊन जाईल' हा मराठवाड्यातला सर्वांत महागडा शब्दप्रयोग आहे.

बाकीचे दाखले तुम्हाला माहीत आहेत: दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता, लागत असेल तर नॉन क्रिमी लेयर, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. सेतू केंद्रावर जूनमध्ये झुंबड उडते, एप्रिलमध्येच उरका.

वेळापत्रक म्हणाल तर मी सणांनी बांधलंय, लक्षात राहतं. संक्रांतीपर्यंत दोन्हीकडचे अभ्यासक्रम मिळवून तक्ता तयार. पाडव्याच्या सुमारास समकक्षतेचा अर्ज. मृग निघेपर्यंत दाखले गोळा. निकाल लागला की त्याच आठवड्यात तात्पुरता प्रवेश. निकाल उशिरा लागतात, हे धरूनच चाला. ऑनलाइन गुणपत्रकाची प्रत प्राचार्यांकडून साक्षांकित करून ठेवली तर मूळ गुणपत्रकासाठी अडून राहावं लागत नाही. पोळ्याच्या आत नाव पक्कं झालं नाही तर त्या वर्षी हट्ट सोडा आणि जुन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बसा. टीसी काढलेली नसेल तर बसता येतं, म्हणून तर वर एवढा जीव तोडून सांगितलं.

पैसा आणि राहणं

राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती चालू असेल तर नूतनीकरणाचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावानं पुढे जाऊ देऊ नका. कॉलेज आणि अभ्यासक्रम बदलल्याची नोंद कशी करायची, ते दोन्हीकडच्या शिष्यवृत्ती लिपिकांना एकाच दिवशी विचारा. नाहीतर एक म्हणतो तिकडे विचार आणि दुसरा म्हणतो इकडे.

राहण्यासाठी समाजकल्याणच्या वसतिगृहांचे अर्ज आधी भरा. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम योजना (वरचं ऑनलाइन कोर्सचं 'स्वयम' वेगळं), आणि शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अटी दरवर्षी वाचा. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' असते, लाज बाळगू नका. मी रोपवाटिकेत पिशव्या भरल्यात. मातीचे प्रकार पुस्तकाआधी तिथंच कळले.

तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने

वर्गातल्या मुलांची एका वर्षाची ओळख असते, तुम्ही पाहुणे. प्रयोगशाळा सहायकांशी आधी नीट वागा, सरांशी नंतर. कुठलं उपकरण कधी मोकळं असतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. तुटीचे पेपर पहिल्या सत्रापासूनच भरायला घ्या, पुढं ढकलले की साचतात. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे उपग्रहचित्रांवरचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. सुट्टीत शिकून घ्या, मोबाइलवर नाही, संगणकावर.

पदवीत क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आता असतंच. त्यासाठी विषय शोधत पुण्या-मुंबईच्या नद्यांकडे बघू नका. आपल्याकडचे प्रश्न उभ्या जगाला शिकवतील असे आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. तो शहराचा तुटवडा होता, मांजरा धरणाचा होता, की बोअर मारमारून खडक कोरडा केलेल्या आपल्या सवयीचा? बेसाल्टच्या कातळात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात मावतं, हे एकदा उमजलं की गावातली दोनशे फुटांवरची आणि आठशे फुटांवरची बोअर वेगळी दिसायला लागते. नांदेडकडच्या काही गावांत फ्लोराइड आहे. पैठणचं नाथसागर जलाशय आणि तिथले पक्षी आहेत. संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी आहे. २०१८ साली, संभाजीनगरचा कचरा जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि अख्खं शहर तुंबलं, तो विषय तर अजून संपलेला नाही.

सगळ्यांत सोपा आणि सर्वांत उपयोगी प्रकल्प म्हणजे स्वतःच्या गावचं पाणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. पाच बोअर, दोन विहिरी आणि नळाचं पाणी एवढे नमुने पुरेत. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १, फार तर १.५. नायट्रेट ४५, त्याला सवलत नाही. युरियाच्या गोण्या आणि विहिरीशेजारचा उकिरडा यांचा माग बहुतेक वेळा नायट्रेटमध्येच लागतो.

दिवाळीला घरी याल तेव्हा पहिला नमुना घ्या. बोअर पाच मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा, आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळून. बाटली काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. चिठ्ठीवर गाव, बोअरची खोली, तारीख, वेळ आणि मालकाचं नाव पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओलाव्यानं फुटते. बर्फाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीनं निघा. सरांना आधी सांगून ठेवलेलं असलं म्हणजे प्रयोगशाळा उघडी मिळते.